नांदगावला उणे ४७ मिलिमीटर पाऊस!

दोस्तांनो, भर पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला रेल्वेनं आला आहात कधी? आला असाल तर हे तुम्ही पाहिलंच असेल. कसाऱ्याला गाडी थांबते. घाट चढायचा असतो ना, म्हणून अनेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे, गंमत नाही! मग बोगदे, धुकं, डोंगरावरून कोसळणारे पांढरे धबधबे, आणि इगतपुरी येते तेव्हा असा धो धो पाऊस, की खिडकीच्या काचा लावल्या तरी मांडीवरचा डबा ओला. घोटीजवळ भाताची खाचरं तुडुंब भरलेली. आणि मग काय होतं बघा. तासाभराच्या आत नाशिकरोड येतं, आणि फलाट अर्धा कोरडा! तसंच पुढे निफाडपर्यंत गेलात, तर ऊनसुद्धा भेटेल.

इगतपुरीहून पूर्वेला जावं तसा पाऊस कमी होतो, हे नाशिक जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तो कमी होतो म्हणजे नेमका कसा कमी होतो? जिना उतरल्यासारखा सारखा-सारखा, की घसरगुंडीवरून आल्यासारखा एकदम? आजची सगळी गोष्ट या ‘कसा’ची आहे. या एका शब्दापायी चांगली शिकलेली माणसंही फसतात.

आधी आकडे घेऊ. रेल्वेच्या रुळावर इगतपुरी म्हणजे शून्य धरू आणि तिथून पुढचं अंतर मोजू. समोर त्या तालुक्याचा वर्षाचा सरासरी पाऊस. हे आकडे मी ठोकळमानाने, ५०च्या पटीत घेतले आहेत, म्हणजे तुम्हाला हिशेब सोपा जाईल.

इगतपुरी: ० किलोमीटर, पाऊस ३००० मिलिमीटर
नाशिक: ५० किलोमीटर, पाऊस ७०० मिलिमीटर
निफाड: ८५ किलोमीटर, पाऊस ४५० मिलिमीटर
नांदगाव: १५० किलोमीटर, पाऊस ५०० मिलिमीटर

आता समजा मी तुम्हाला विचारलं, की या चार आकड्यांवरून एक असा नियम काढा, ज्यात अंतर घातलं की पाऊस बाहेर पडेल. अशा नियम काढण्याला संख्याशास्त्रात ‘रिग्रेशन’ म्हणतात, मराठीत ‘प्रतिगमन’. नाव जरा चमत्कारिक आहे, कारण प्रतिगमन म्हणजे मागे जाणं. फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८६ साली आई-वडिलांची आणि त्यांच्या मुलांची उंची मोजून निबंध लिहिला. फार उंच आई-वडिलांची मुलं उंच असतात खरी, पण सहसा आई-वडिलांइतकी नाही. ती सरासरीकडे ‘मागे’ येतात. गॉल्टननं वापरलेला तो शब्द पुढे या साऱ्या प्रकारालाच चिकटला. आज पावसाचा नियम काढा नाहीतर कांद्याच्या भावाचा, नाव तेच!

सगळ्यात सोपा नियम म्हणजे सरळ रेषा. पण चार ठिपक्यांमधून एकच सरळ रेषा जाणार कशी? कुठल्या तरी ठिपक्यांपासून ती थोडी चुकणारच. मग सगळ्यात कमी चुकणारी रेषा कोणती? यावर फ्रेंच गणिती लजांद्र यानं १८०५ साली एक युक्ती छापली. प्रत्येक ठिपका रेषेपासून वर किंवा खाली किती चुकतो ते मोजायचं, त्या चुकीचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची, आणि ही बेरीज जिच्यासाठी सर्वांत लहान येईल ती आपली रेषा. याला ‘किमान वर्ग पद्धत’ म्हणतात. तिचं सूत्र तयार आहे. तुमच्या दादा-ताईच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये ते भरलेलंच असतं, आणि आता तर मोबाइलमध्येही मिळतं. आकडे घाला, बटण दाबा, रेषा हजर!

मीही तेच केलं. आलेखाचा कागद काढायचा कंटाळा केला, आकडे घातले आणि बटण दाबलं. उत्तर आलं ते असं: इगतपुरीला २२५७ मिलिमीटरपासून सुरुवात करा, आणि दर किलोमीटरला १५.३६ मिलिमीटर कमी करत जा. शिवाय कॅल्क्युलेटरनं ‘सहसंबंध गुणांक’ दिला उणे ०.७९. हा गुणांक १ किंवा उणे १ च्या जितका जवळ, तितके ठिपके सरळ रेषेच्या जवळ. म्हणजे ०.७९ काही वाईट नाही. परीक्षेत ७९ टक्के मिळाले तर घरी पेढे येतात!

मग मी नियम वापरून पाहिला. नांदगाव १५० किलोमीटरवर. १५० गुणिले १५.३६ म्हणजे २३०४. आणि २२५७ मधून २३०४ वजा केले तर?

उणे ४७.

नांदगावला वर्षाला उणे ४७ मिलिमीटर पाऊस! म्हणजे ढगांनी पाणी द्यायचं सोडून नांदगावच्या विहिरीतून उलट वर ओढून न्यायचं की काय? नांदगाव-मनमाडच्या लोकांना पाण्याची टंचाई काही नवी नाही, पण इतकी थट्टा त्यांची कुणी केली नसेल. नाशिकला काय येतं पाहिलं, तर १४८९ मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून जास्त. आणि जिथं आभाळ फाटतं त्या इगतपुरीला मात्र साडेसातशे मिलिमीटर कमी. बरं, कॅल्क्युलेटर चुकला होता का? मुळीच नाही. मी तीनदा करून पाहिलं. बेरीज-गुणाकार सगळं बरोबर होतं. चूक कॅल्क्युलेटरची नव्हती, माझी होती. ‘सरळ रेषा काढ’ असं मी त्याला सांगितलं आणि त्यानं बिचाऱ्यानं काढली. ‘अहो, इथं सरळ रेषा शोभते का?’ असं विचारायची त्याला सोय नसते.

ते विचारायचं असतं आलेखाला. काढा बरं आता तुमच्या भूगोलाच्या नाहीतर गणिताच्या वहीतला आलेखाचा कागद. आडव्या अक्षावर, म्हणजे क्ष-अक्षावर, १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. उभ्या य-अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २५० मिलिमीटर. चार ठिपके द्या. ठिपकेच द्यायचे, घाईघाईनं जोडायचे नाहीत. आणि कागद हातभर लांब धरून नुसतं बघा.

दिसलं? पहिला ठिपका पार वर छताला, दुसरा धाडकन खाली, आणि तिसरा-चौथा जमिनीलगत जवळजवळ एका ओळीत. ही घसरगुंडी आहे! वरून सर्रकन खाली येते आणि मग सपाट होते. पाच वर्षांचं मूलसुद्धा हे बोटानं दाखवेल. मी जे बटण दाबून चुकलो, ते चार ठिपक्यांनी क्षणात सांगितलं.

अजून एक खुबी शिकून ठेवा, कारण प्रत्येक वेळी वाक इतका ठसठशीत दिसत नाही. रेषा काढल्यावर प्रत्येक ठिपक्याची चूक लिहा: खरा पाऊस वजा रेषेनं सांगितलेला पाऊस. आपल्या चार ठिकाणी या चुका येतात अधिक ७४३, उणे ७८९, उणे ५०१, अधिक ५४७. आकडे विसरा, नुसती चिन्हं वाचा: अधिक, उणे, उणे, अधिक. दोन्ही टोकांना ठिपके रेषेच्या वर, मधले खाली. जणू वाटी ठेवली आहे! रेषा योग्य असेल तर चुकांची चिन्हं कशीही विखुरलेली असतात, शेंगदाणे सांडावेत तशी. त्यांत वाटी, डोंगर, लाट असलं काही चित्र दिसायला लागलं, की समजावं: रेषेनं काहीतरी सांगायचं बाकी ठेवलं आहे. चार ठिपक्यांवर वाटीचा फार भरवसा धरू नये, हेही खरं. पण चाळीस ठिपके असतील तर हा उरलेल्या चुकांचा आलेख मूळ आलेखापेक्षाही जास्त बोलतो.

बरं, सरळ रेषा नाही तर मग काय? इथे जरा डोकं चालवू. आलेख सांगतो की लांब गेल्यावर पाऊस साडेचारशेच्या आसपास टेकतो. तेव्हा ४५० ही आपली जमीन. इगतपुरीला या जमिनीच्या वर किती पाऊस आहे? ३००० वजा ४५०, म्हणजे २५५०. नाशिकला? ७०० वजा ४५०, म्हणजे फक्त २५०. पन्नास किलोमीटरमध्ये जास्तीचा पाऊस साधारण एक दशांश झाला! मग असा नियम करून पाहू: दर १५ किलोमीटरला हा जास्तीचा पाऊस निम्मा होतो. २५५० चे पंधरा किलोमीटरवर १२७५, तिसावर ६३८, पंचेचाळिसावर ३१९, साठावर १५९, पंचाहत्तरावर ८०, नव्वदावर ४०. प्रत्येकात ४५० मिळवा आणि ठिपके देऊन हलक्या हातानं वक्र काढा. नाशिकला येतात ७०३, निफाडला ५००, नांदगावला ४५२.

आता लजांद्रच्या पद्धतीनं दोघांचे गुण मोजा. सरळ रेषेच्या चुकांच्या वर्गांची बेरीज येते सव्वासतरा लाख. या वक्राची? पाच हजारांच्या आत!

आता तुमच्यातला एखादा खवचट मुलगा नक्की म्हणेल, ‘काका, ४५०, २५५० आणि १५ हे तिन्ही आकडे तुम्हीच मापून घेतलेत. मग सदरा अंगाला बसला यात नवल काय?’ शाबास! हा प्रश्न विचारलाच पाहिजे. चार ठिपके आणि तीन आकडे आपल्या हातात, म्हणजे शिंप्यानं गिऱ्हाईक समोर उभं करून शिवल्यासारखंच झालं. म्हणून वक्र बसला एवढ्यावर खूश व्हायचं नाही. तो असाच का असावा याचं काही कारण निसर्गात आहे का, हे बघायचं.

आणि इथे कारण आहे. अरबी समुद्रावरून ओलसर वारे येतात. सह्याद्री त्यांच्या आडवा उभा. वारे वर चढतात, चढताना थंड होतात, वाफेचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर रिकामं होतं. माथा ओलांडून वारे पूर्वेकडे उतरले की ते तापतात, कोरडे होतात. पडायचं ते बरंचसं पडून गेलेलं असतं. भूगोलात तुम्ही ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ पाठ केलाय तो हाच. म्हणजे मोठी घसरण माथ्यालगतच व्हायला हवी आणि पुढे थोडाच फरक उरायला हवा. आलेखानं दाखवलेला आकार आणि भूगोलानं सांगितलेलं कारण, दोन्ही जुळतात. संख्याशास्त्रातली माणसं सूत्र निवडतात ती अशी, दोन्हीकडून विचारून.

आणखी एक साक्षीदार आहे, तो म्हणजे शेतकरी. त्यानं आलेखाचा कागद कधी विकत घेतला नसेल, पण हा वक्र त्यानं जमिनीवर पिकांनी काढून ठेवला आहे. इगतपुरी-घोटीकडे भात. नाशिक ओलांडून निफाडकडे गेलं की द्राक्षं आणि कांदा. तयार द्राक्षावर पाऊस पडला तर मणी तडकतात, म्हणून द्राक्षाला कोरडं आभाळ हवं. सरळ रेषेवर विश्वास ठेवून कुणी नाशिकला दीड हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि त्या हिशेबानं विहीर, पीक, बियाणं ठरवलं, तर पहिल्याच वर्षी कपाळाला हात! धरणांचंही तेच. नकाशात बघा, गंगापूर, दारणा, मुकणे, भावली ही सगळी जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला आहेत. पाणी साठवायचं तिथे, जिथे वक्र उंच आहे. आणि कालव्यांनी न्यायचं तिकडे, जिथे तो जमिनीला टेकला आहे. पालखेडच्या कालव्याचं पाणी येवल्याकडे जातं ते याचसाठी. कोणाच्या वाट्याला किती पाणी यावर दरवर्षी भांडणं होतात. त्या भांडणांच्या मुळाशी तुमच्या वहीतला हा वाकडा आलेख आहे.

हो, पण त्र्यंबकेश्वरचं काय? नाशिकहून अवघं २८ किलोमीटर, आणि तालुक्याचा पाऊस सुमारे २२०० मिलिमीटर! आपल्या वक्रात हे बसेना. २२ किलोमीटरच्या जागी (५० वजा २८) आपला वक्र १४०० मिलिमीटरसुद्धा देत नाही. मी हा ठिपका कागदावर दिला तेव्हा तो वक्राच्या कितीतरी वर एकटाच लटकला. मग ध्यानात आलं, की त्र्यंबक इगतपुरीच्या रुळावर नाहीच मुळी. ते ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, म्हणजे स्वतःच सह्याद्रीच्या माथ्याला चिकटून आहे. पाऊस ‘इगतपुरीपासून किती लांब’ हे विचारत नाही; तो ‘माथ्यापासून किती लांब’ हे विचारतो. रेल्वेचं अंतर मी सोयीसाठी घेतलं, आणि रूळ तर वळणं घेत जातात. तेव्हा न बसणाऱ्या एका ठिपक्यानं नुसता वक्र नाही, क्ष-अक्षावर मांडायची गोष्टच चुकली असल्याचं दाखवून दिलं. असे ठिपके मला फार आवडतात.

एकट्या पडलेल्या ठिपक्यावरून फ्रँक अँस्कम यांची आठवण येते. हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवायचे. कॉम्प्युटर तेव्हा नवे होते आणि लोकांना वाटायला लागलं होतं, की आता अचूक आकडे मिळतात, चित्रं कशाला काढायची? अँस्कम यांनी १९७३ साली एका लेखात आकड्यांचे चार संच छापले. प्रत्येकात अकरा ठिपके. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी साडेसात. किमान वर्ग रेषाही चौघांची एकच: ३ पासून सुरू करा आणि क्ष च्या निम्मे मिळवा. सहसंबंध गुणांकही एकच, ०.८२. चार जुळे भाऊ म्हणा ना! आता यातल्या दोघांचे आलेख तुम्हीच काढा. दोन्ही संचांत क्ष आहे ४, ५, ६ असं करत १४ पर्यंत. य चे आकडे मी एका दशांशापर्यंत देतो.

पहिला भाऊ: ३.१, ४.७, ६.१, ७.३, ८.१, ८.८, ९.१, ९.३, ९.१, ८.७, ८.१
दुसरा भाऊ: ५.४, ५.७, ६.१, ६.४, ६.८, ७.१, ७.५, ७.८, ८.२, १२.७, ८.८

काढलेत? पहिल्यात सुरेख कमान दिसेल, वर फेकलेल्या चेंडूसारखी. तिथं सरळ रेषेचं कामच नाही. दुसऱ्यात दहा ठिपके शिस्तीत एका सरळ रेषेत आणि एकच मुलगा रांग मोडून वर उडालेला. त्या एकट्यानं अख्खी रेषा आपल्याकडे ओढून घेतली आहे. उरलेल्या दोन संचांपैकी एकात ठिपके रेषेभोवती साधे विखुरलेले आहेत, म्हणजे तिथे रेषा खरंच शोभते. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि अकरावा लांब उजवीकडे. तो नसता तर रेषा काढताच आली नसती. आकडे सारखे, आणि चित्रं चार तऱ्हांची!

आई-बाबा, तुमच्यापैकी ज्यांनी कॉमर्सला किंवा बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं, त्यांना रिग्रेशनचं सूत्र अजून पाठ असेल. पण गणित सोडवण्याआधी ठिपक्यांचा आलेख किती जणांनी काढला होता? मार्क सूत्राला मिळायचे, चित्राला नाही. मला वाटतं, हे उलट असायला हवं होतं. निदान अर्धे-अर्धे तरी!

रांग मोडणाऱ्या ठिपक्याचं काय करायचं? काही जण लगेच खोडरबर घेतात. थांबा. आधी चौकशी करा. पर्जन्यमापक वाचणाऱ्यानं ४५.० लिहिलं आणि नकलून घेताना दशांश चिन्ह गळून ४५० झालं, असं असू शकतं. ती चूक, सुधारून टाका. पण नाशिकच्या गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पाहिलाय ना? पूर आला की नाशिककर विचारतात, ‘पाणी मारुतीच्या कमरेला आलं का? छातीला?’ हा मारुती म्हणजे आपली उभी मोजपट्टीच, दगडी य-अक्ष! एरवीच्या पावसाळ्यांत पाणी त्याच्या पायाशी खेळतं. पण १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. अशा वर्षांचे ठिपके आलेखात एकटेच उंच दिसतील. ते ‘रांग मोडतात’ म्हणून कुणी खोडले, आणि उरलेल्या शहाण्या ठिपक्यांवरून काठावर किती उंचीवर दुकानं बांधायची हे ठरवलं, तर काय होईल? भांडीबाजारातल्या कोणालाही विचारा.

आता आपला छानसा वक्र घेऊन अजून पुढे जाऊ. गाडी मनमाड, नांदगाव, चाळीसगाव करत जळगावला पोहोचली. वक्र म्हणतो ४५०. पण जळगावचा पाऊस सातशेच्या आसपास! आणि इगतपुरीहून सातशे किलोमीटरवरच्या नागपूरला तर वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो. (आपली सरळ रेषा नागपूरला उणे साडेआठ हजार देते, तिचं नावच नको.) असं का? कारण तिकडे पावसाला दुसरा पाहुणा येतो. बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत येतात आणि विदर्भाला पाणी देतात. आपल्या वक्राला या पाहुण्याची ओळखच नव्हती, कारण त्याला आपण फक्त इगतपुरी ते नांदगाव दाखवलं होतं. जेवढ्या अंतरात ठिपके आहेत तेवढ्यातच त्याचं राज्य. त्याच्या बाहेर तो बोलायला लागला की त्याचं ऐकायचं नाही.

खोटं वाटतं? घरातला दरवाजा बघा, जिथे आईनं दर वाढदिवसाला तुमच्या उंचीची पेन्सिलीनं खूण केली आहे. समजा पाचव्या वर्षी ११० सेंटिमीटर आणि मग वर्षाला सहा सेंटिमीटर वाढ. पाच ते दहा वर्षं या वयात ही सरळ रेषा झकास बसते, तिथे वक्राचे नखरे नकोत. पण तीच रेषा ओढत चाळिसाव्या वर्षापर्यंत नेली, तर उंची होते ३२० सेंटिमीटर. साडेदहा फूट! बाबांकडे बघा आणि सांगा.

तेव्हा सरळ रेषा काही वाईट नाही हं. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजनं टांगून तिची लांबी मोजा, बेताच्या वजनांपर्यंत ठिपके रुळासारखे सरळ येतात. उलट गरम चहाच्या पातेल्यात दर दोन मिनिटांनी तापमान मोजलंत, तर आपली घसरगुंडी पुन्हा भेटेल: आधी भरभर उतरणारी, मग खोलीच्या तापमानाला टेकणारी. (गरम पातेल्याजवळ मोठ्या माणसाला बरोबर घ्या, आणि ताप मोजायचा थर्मामीटर चहात घालू नका, तो फुटतो!)

शेवटी एक काम आहे. आपल्या आलेखात इगतपुरी आणि नाशिक यांच्यामध्ये पन्नास किलोमीटर कोरी जागा आहे, एकही ठिपका नाही. घसरगुंडी नेमकी तिथेच आहे, आणि तिथलं आपल्याला काहीच ठाऊक नाही! इगतपुरी आणि नाशिक हे दोन ठिपके सरळ जोडले, तर १५ किलोमीटरवर २३१० मिलिमीटर येतात. आपला वक्र म्हणतो १७२५. फरक जवळजवळ सहाशेचा. खरं कोण? घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली ही स्टेशनं याच पट्ट्यात येतात. (देवळाली म्हणजे कापरेकर गुरुजींची देवळाली. तिथल्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ६१७४ या आकड्याची जादू शोधली. आकड्यांशी खेळायला प्रयोगशाळा लागत नाही, बरं का.) तुमच्यापैकी कोणी या गावांत राहत असेल, नाहीतर तिथे मामाचं गाव असेल, तर उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाडापासून आणि पागोळीपासून लांब, उघड्यावर ठेवा. तो उलटू नये म्हणून भोवती विटा लावा. रोज सकाळी ठरल्या वेळी आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर ते लिहा आणि डबा रिकामा करा. डबा रुंद असो की अरुंद, मिलिमीटर तेच येतात. का, ते तुम्ही शोधा. मोजणी जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत करायची. एका वर्षाचा पाऊस सरासरीपेक्षा कमी-जास्त असतो, म्हणून त्याच चार महिन्यांचे इगतपुरीचे आणि नाशिकचे आकडे वर्तमानपत्रातून काढून शेजारी लिहा, आणि तुमचा ठिपका त्या दोघांच्या मध्ये द्या. तो सरळ रेषेवर बसला, घसरगुंडीवर बसला, की तिसरीकडेच जाऊन बसला?